एकोणतीस अंश

डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी सात सूचना लिहून दिल्या होत्या. सांगवीहून चिंचवडला रिक्षा पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांचे रकाने पाडले आणि घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी तक्ता आखून फ्रिजला लावला. तापमान, दिवसातून चार वेळा. कोमट पाण्यात बसवणं, रोज दहा मिनिटं. इंजेक्शन, दर तिसऱ्या दिवशी. खाणं, शी, वजन, जखमेचा रंग. शेवटी सहीचा रकाना. आमच्या कासवाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते जगायला हवं होतं. त्यासाठी मला जे येत होतं ते मी केलं. मला तक्ते येतात.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. बावीस वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक मशीनपाशी चेकशीट टांगलेली असते. ऑपरेटरने तासातासाला एक भाग उचलायचा, मोजायचा आणि आकडा लिहायचा. भाग तपासणं जितकं माझं काम, तितकंच तो कागद तपासणंही. नवीन ट्रेनी आले की पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर एक जुनी शीट ठेवते. आठही तासांचा आकडा तंतोतंत सारखा. यात काय चुकलंय, असं विचारते. काही नाही मॅडम, सगळं ओके आहे, असं उत्तर येतं. मग मी सांगते की खऱ्या मोजमापात आकडा थोडा तरी हलतो. जो हलत नाही, तो कोणी मोजलेलाच नाही. ड्रॉइंगवर जे असायला हवं म्हणून छापलंय, ते नुसतं उतरवून काढलंय. हे माझं नेहमीचं भाषण आहे, आणि ते मी चांगलं करते.

कासव माझ्या नवऱ्याने आणलं होतं, मुलगी पाचवीत असताना. डांगे चौकातल्या एका माशांच्या दुकानातून, पाणी भरलेल्या पिशवीत, बिस्किटाएवढं. डोळ्यामागे लाल पट्टा. दोन महिने टिकलं तर नशीब, असं मी तेव्हा म्हणाले होते. तेरा वर्षांत ते जेवणाच्या ताटाएवढं झालं. गॅलरीत त्याच्यासाठी मोठा निळा टब होता, त्यात एका बाजूला चढून बसायला फरशीचे दोन तुकडे. टब साफ करणं हे नवऱ्याचं काम होतं. दिवसाआड पाणी येतं आमच्याकडे. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी तो सकाळी आधी टब घासायचा, मग दाढी करायचा. मुलगी शिकायला बाहेर पडली, नंतर बेंगळुरूला नोकरीला लागली. कासव तिचं म्हणून आणलं होतं, पण राहिलं ते त्याचं.

दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. एकोणीस दिवस तो आयसीयूत होता. त्या दिवसांचीही माझी वही आहे, औषधं आणि वेळा लिहिलेली. ती मी परत उघडलेली नाही.

मग घरात दोघंच उरलो. मी आणि माझे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाकणजवळच्या गावात त्यांची शेती होती. ती औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्याच मातीवर उभ्या राहिलेल्या एका कंपनीत त्यांनी बारा वर्षं प्रेस मशीन चालवलं. मुलगा गेल्यावर टबाचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते आधी गॅलरीत जायचे, कासवाच्या पाठीवर दोन बोटं टेकवून ती कपाळाला लावायचे आणि मग देव्हाऱ्यात दिवा लावायचे. देवळात गाभाऱ्याआधी जमिनीत दगडी कासव असतं ना, आधी त्याला हात लावायचा असतो. ती सवय.

"देवळातलं हालत न्हाई," ते म्हणायचे. "आपलं वर मान करून बगतं तरी."

ते त्याच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते मी कधी मुद्दाम ऐकलं नाही. पण एकदा कपडे वाळत घालताना कानावर आलं. घरपट्टीची पावती आली आहे, चाकणच्या रस्त्याला परत खोदलंय, सून दमून येते. आपल्या मुलाला जे सांगितलं असतं, ते सगळं ते कासवाला सांगत होते. मी कपड्यांची बादली तशीच ठेवून आत आले.

नोव्हेंबरच्या शेवटी कासवाने खाणं सोडलं. टबाच्या कडेला मागचे पाय घासत राहायचं, दिवसदिवस. प्लास्टिकवर नख ओढल्याचा तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. सांगवीत अशा प्राण्यांना बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत, तिशीतल्या, शांत. त्यांनी एक्स-रे काढला आणि काचेवर लावून दाखवला. पोटात सात पांढरे गोळे.

"अंडी आहेत ताई," त्या म्हणाल्या. "अडकलीयेत. नर नसला तरी होतात."

मी आबांकडे पाहिलं. तेरा वर्षं आम्ही सगळे त्याला कासवराव म्हणत होतो. आबा बराच वेळ त्या एक्स-रेकडे बघत राहिले.

"म्हंजे बाई हाय व्हय ही? अन् मी रोज हिच्याम्होरं बनियनवर उभा ऱ्हायचो," ते म्हणाले.

डॉक्टर हसल्या, मीही हसले. त्या दवाखान्यातलं आमचं हसणं ते एवढंच.

औषधाने अंडी उतरली नाहीत. ऑपरेशन करावं लागलं. पोटाकडचं कवच चौकोनी कापलं, आतून अंडी काढली, एक आतच फुटलेलं होतं, आणि कापलेला तुकडा परत जागेवर बसवून वरून जाळी आणि इपॉक्सी लावून बंद केलं. इपॉक्सी म्हटल्यावर मी लगेच विचारलं की पूर्ण कडक व्हायला किती तास. आमच्याकडेही तेच वापरतात, दोन नळ्या, मिसळायच्या आणि लावायच्या. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि म्हणाल्या, "कडक एका दिवसात होईल ताई. खालचं हाड भरून यायला मात्र वर्ष लागेल. आणि कासव स्वतः अंग गरम ठेवू शकत नाही. तुम्ही जेवढी ऊब द्याल तेवढीच त्याची ताकद. एकोणतीसच्या फारसं खाली जाऊ देऊ नका. औषधसुद्धा गरम अंगातच काम करतं."

हे वाक्य मी कागदावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी मी सगळी मांडणी केली. मोठा क्रेट, खाली जुने टॉवेल, वर शंभर वॉटचा दिवा, पत्र्याच्या टोपीसकट. दिवा किती उंचीवर टांगला की खाली एकोणतीस येतात ते एका रविवारी बसून ठरवलं आणि दोरीला गाठ मारली. क्रेटच्या कडेला डिजिटल थर्मामीटर चिकटवलं. सकाळी सहाला आणि रात्री नऊला मी वाचायचं, दहाला आणि दोनला आबांनी. मला सव्वासहाला कंपनीची बस असते, यायला पाच वाजतात. मधले सगळे तास आबांचे.

मी त्यांना शिकवलं, जसं लाइनवर शिकवते तसं. एकदा करून दाखवायचं, एकदा करून घ्यायचं. त्यांना आकडे वाचता येतात, लिहिता येतात, सही येते.

"हितं काय पायजे?" त्यांनी तापमानाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं.

"एकोणतीस पाहिजे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

आज मला त्या दोन वाक्यांशिवाय दुसरं काही आठवत नाही. मी 'जे दिसेल ते लिहा' म्हणायला हवं होतं. ट्रेनींना मी पहिलं वाक्य तेच सांगते. आबांना सांगितलं नाही, कारण ते घरचे होते आणि मला बसला उशीर होत होता.

पहिलं इंजेक्शन द्यायला दोघं बसलो. आबांनी पुढचा पाय हळूच बाहेर ओढून धरला, मी सुई घातली.

"शेरडाला टोचायचो आमी, तसंच हाय," ते म्हणाले. मग कासवाला म्हणाले, "झालं बाय, झालं. ही क्वालिटीवाली हाय, पन वंगाळ न्हाई."

डिसेंबर असा गेला. संध्याकाळी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी मी फ्रिजपाशी जायचे. रकाने भरलेले, सही केलेली. वजन दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पहिल्या आठवड्यात चाळीस ग्रॅम उतरलं, डॉक्टर म्हणाल्या होत्या की उतरेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उतरलं. खात नव्हतं. मी पालक, गाजराचा कीस, उकडलेलं अंडं, काय काय करून बघितलं. मुलगी रोज व्हिडिओ कॉल करायची.

"आई, ते डोळे मिटून का असतं सारखं?"

"झोपतं गं. ऑपरेशन झालंय त्याचं."

"टेम्परेचर बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर," मी म्हणायचे आणि फोन फ्रिजकडे वळवून तक्ता दाखवायचे. मला अभिमान होता त्या तक्त्याचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने एक रकाना रिकामा सोडलेला नव्हता.

एक गोष्ट त्या दिवसांत मला दिसत होती. नवऱ्याचा मरून स्वेटर. तो कपाटात खालच्या कप्प्यात होता. अधूनमधून तो आबांच्या खुर्चीवर पडलेला दिसायचा. थंडी होती. मला वाटलं, मुलाचा स्वेटर घालावासा वाटतो, घालू देत. मी तो झटकून, घडी घालून परत ठेवायचे आणि काही विचारायचे नाही. आमच्या घरात आम्ही दोघं त्याच्याबद्दल असेच बोलत होतो, वस्तू जागेवर ठेवून.

एका शनिवारी कासवाच्या नाकाशी बुडबुडा दिसला. लहानसा, फुगून फुटणारा. तोंड उघडून श्वास घेत होतं. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं, भरलेल्या तक्त्यांची फाइल काखेत घेतली आणि रिक्षा केली. आबा म्हणाले, मी येतो. मी म्हणाले, पाणी यायची वेळ आहे, तुम्ही थांबा.

डॉक्टरांनी छाती ऐकली, एक्स-रे काढला. फुप्फुसात कफ साचला होता.

"घरात गारठा लागलाय का याला?"

"अजिबात नाही," मी म्हणाले आणि फाइल उघडून समोर ठेवली.

त्या एकेक पान उलटत गेल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते; शाबासकीची वाट बघत होते, हे खरं आहे. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. बोट वरून खाली नेलं.

"ताई, दहाचं आणि दोनचं रीडिंग कोण घेतं?"

मी पान आपल्याकडे ओढलं. सकाळी सहाच्या रकान्यात माझ्या अक्षरात २८.४, २९.६, २८.९. रात्री नऊच्या रकान्यात २९.३, २८.७. मधल्या दोन रकान्यांत, आबांच्या मोठ्या, दाबून लिहिलेल्या अक्षरात २९. २९. २९. २९. तीन आठवडे. गुरुवारीसुद्धा, ज्या दिवशी आमच्या भागात दहापासून दुपारपर्यंत दुरुस्तीसाठी वीज नसते आणि दिवा बंदच असतो. त्या दिवसांसाठी क्रेटमध्ये गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, असं मीच ठरवून दिलं होतं. बाटल्यांनी एकोणतीस येत नाहीत.

कंपनीत हा कागद मी दोन सेकंदांत फाडला असता.

घरी आले तेव्हा आबा दारातच उभे होते. मी कासव क्रेटमध्ये ठेवलं, दिवा लावला आणि थर्मामीटर सोडवून मागे वळवलं. त्याला मागे एक बटण आहे. दाबलं की ठेवल्या दिवसापासूनचं सर्वांत कमी तापमान दाखवतं. मला ते बटण माहीत होतं. मी ते कधी दाबलं नव्हतं.

१९.२.

"आबा, दिवसा दिवा चालू असायचा का?"

ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"आबा, मी विचारतेय."

"बंद करायचो," ते म्हणाले. "तू गेलीस का बंद करायचो. तू यायच्या आदी लावायचो."

"का?"

ते खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर. "त्याच्यावर बी असाच दिवा हुता. तिकडं, हास्पिटलात. दिवस न्हाई, रात न्हाई. डोळं मिटलेलं, अन् वरून दिवा. मला पाच मिन्टं सोडायचे आत. मी म्हनायचो त्या नर्सबाईला, दिवा बंद कर, झोपू दे त्येला. ती म्हनायची, बाबा, न्हाई करता येत." त्यांनी क्रेटकडे पाहिलं. "हितं मला कुनी न्हाई म्हनायला नव्हतं. मी मांडीवर घेऊन बसायचो. स्वेटरात गुंडाळून. दिसभर. मी गरम हाय की. मानूस गरम आसतं."

"आणि तक्त्यात एकोणतीस का लिहिलं?"

त्यांनी खरोखरच्या आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "तूच म्हनलीस ना, हितं एकोनतीस पायजे म्हनून."

मी शांत माणूस आहे. लाइन थांबते, माल परत येतो, तेव्हाही मी आवाज चढवत नाही. त्या दुपारीही चढवला नाही. हळू आवाजातच म्हणाले, "आबा, तुम्ही मारलंत त्याला."

कासव तेव्हा जिवंत होतं. आमच्या दोघांच्या मध्ये, दिव्याखाली, तोंड उघडून श्वास घेत होतं.

आबा उठले आणि गॅलरीत गेले. रिकाम्या निळ्या टबापाशी उभे राहिले. जेवायला हाक मारली तर आले, जेवले, ताट धुऊन ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी सकाळी कासवाला हात लावणं बंद केलं. लांबूनच हात जोडायचे.

मी रजा टाकली. बावीस वर्षांत नवऱ्याच्या वेळची सोडली तर इतकी रजा मी कधी घेतली नव्हती. नवा तक्ता केला, दर तासाचा. वाफ देणं आलं, इंजेक्शन रोजचं झालं, नळीने पातळ खाणं आलं. नळी घालताना मान धरायला दुसरा माणूस लागतो. पहिल्या दिवशी मी एकटीने प्रयत्न केला आणि जमलं नाही. हाक मारावी लागली.

"आबा, जरा धरता का?"

ते आले. दोन बोटांनी डोक्यामागे धरलं, अलगद आणि पक्कं. आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो, डोकी जवळजवळ. मी नळीतून पातळ खाणं सोडत होते. मला म्हणायचं होतं की मी त्या दिवशी बोलले ते बरोबर नव्हतं. मी म्हणाले, "तीन मिली गेलं. लिहून घ्या."

त्यांनी पेन घेतलं. रकान्यापाशी थांबले. "किती लिवू?"

"तीन."

"तू बगितलंस का? तीनच गेलं?"

"बघितलं."

मग त्यांनी लिहिलं. त्यानंतर ते प्रत्येक आकड्याला तसंच विचारायचे. थर्मामीटर वाचायला चष्मा लावून जमिनीवर ओणवे व्हायचे, आणि सांगायचे, "अठ्ठावीस पॉइंट सा. सा हाय, आठ न्हाई. तू बी बग." माझ्या बावीस वर्षांत इतकं खरं रीडिंग घेणारा माणूस मी पाहिला नाही. मला ते बघवत नव्हतं.

दिव्याकडे मात्र ते बघायचे नाहीत. खुर्ची फिरवून, क्रेटकडे पाठ करून बसायचे, आणि तसंच, पाठमोरे, कासवाशी बोलायचे. आता मी घरात असल्यामुळे हळू आवाजात.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कासव गेलं. कासव मेलंय हे लगेच कळत नाही. ते एरवीही हलत नव्हतं. मी पुढचा पाय ओढला, तो परत आत गेला नाही. मी दहा मिनिटं थांबून पुन्हा ओढला. मग अर्ध्या तासाने. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. दिवा बंद कर आता."

मी दिवा बंद केला. टॉवेल अजून गरम होता. थर्मामीटर २९.० दाखवत होतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, गारठ्याने झालं का? त्या म्हणाल्या, "ताई, फरक तर पडलाच असणार. पण किती, ते मी नाही सांगू शकत. एक अंडं आत फुटलं होतं, ते विसरू नका. ऊब पूर्ण मिळाली असती तरी वाचलं असतंच, असं मी लिहून देणार नाही. आणि नसतंच वाचलं, असंही नाही." आभार मानून मी फोन ठेवला. मुलीला सांगितलं. ती पलीकडे रडत राहिली आणि मी तिला विचारत राहिले, जेवलीस का, ऑफिसला सुट्टी टाकू नकोस. दिवा बंद असायचा हे तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

सोसायटीच्या बागेत पुरू देत नाहीत. आबा म्हणाले, आपल्या तुकड्यात नेऊ. चाकणजवळ त्यांची दोन गुंठे जागा अजून उरली आहे, एका कंपनीच्या कुंपणाच्या भिंतीला लागून. कोणीतरी ओळखीचं तिथे मेथी लावतं. मी कासवाला मरून स्वेटरात गुंडाळलं. कपाटातून तो काढताना आबा बघत होते. मला वाटलं, ठेव म्हणतील. म्हणाले नाहीत.

भिंतीपलीकडे पहिली शिफ्ट चालू होती. प्रेसचा ठोका जमिनीतून पायाला लागत होता. आबांनी स्वतः खड्डा घेतला, मला फावडं देईनात. थांबत थांबत, पण व्यवस्थित, चारी बाजू सरळ. कासवाला खाली ठेवलं. मग ते गुडघ्यावर बसले, स्वेटर पाठीवरून जरासा बाजूला केला, दोन बोटं कवचावर टेकवली आणि कपाळाला लावली. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा. मीही खाली बसून हात लावला. तेरा वर्षांत मी ते कधी केलं नव्हतं. कवच थंड आणि कोरडं होतं.

त्यांनी माती लोटली. मी उभी राहून बघत होते. त्यांचे हात बघत होते. हे हात रोज दिवसभर ते जनावर मांडीवर धरून बसले होते, तेवढीच ऊब द्यायला. मला वाटलं, आता नाही बोलले तर नंतर हे बोलणं होणार नाही.

"आबा," मी म्हणाले, "डॉक्टरांशी बोलले मी. त्या म्हणाल्या, दिव्याचा काही संबंध नव्हता. आतलं अंडं फुटलं होतं, त्यानेच झालं. दिवा असता तरी हेच झालं असतं."

आवाज माझा अगदी सरळ होता. एक अक्षर हललं नाही.

आबांनी मातीवर हात फिरवून ती सारखी केली. एकदा, दोनदा. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, दवाखान्यात एक्स-रेकडे बघत होते तसं.

"एकोनतीस लिवलंस व्हय पोरी?" ते म्हणाले.

त्यांनी उठायला हात पुढे केला. मी तो धरला. हात गरम होता. आम्ही मेथीच्या वाफ्यांच्या कडेने रस्त्याकडे चालायला लागलो. ते पुढे, मी फावडं घेऊन मागे.